मदत हवी आहे: पडून हसवणारे नट निवडायचे कसे?

घाईत_दिग्दर्शिका
नाटक बसवतेय. धांदलीचं, पडापडीचं. शनिवारी ऑडिशन घेतली, एकवीस जण आले. वाचन बहुतेकांचं बरं झालं. पण "आता पडून दाखवा" म्हटलं की एकतर वीज लागल्यासारखे हातपाय झाडतात, नाहीतर आधी खाली बघून जागा शोधतात आणि मग बेतानं आडवे होतात. हसू येतच नाही. एकच मुलगा असा पडला की आम्ही टेबलावर डोकं टेकून हसलो. पुन्हा करायला लावलं तर काहीच नाही. तिसऱ्यांदा तर कीव आली. त्याला घ्यावं का? परवापर्यंत नावं नक्की करायची आहेत, लवकर सांगा. "आधी संहिता नीट वाचा" छापाचे सल्ले नकोत, संहिता माझीच आहे.

विंगेतून
पात्रं किती? नट हौशी की रोजचे? प्रयोग एक की अनेक? कोण कशामुळे पडतंय? काहीच लिहिलेलं नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला प्रकार झाला हा.

घाईत_दिग्दर्शिका
पात्रं सहा, सगळे हौशी, प्रयोग दहा तरी. एवढं पुरे ना?

विंगेतून
दहा प्रयोग म्हणजे तो मुलगा बाद. एकदा जमलं तो अपघात. दहाही वेळा त्याच शब्दावर, त्याच जागी जो पडेल तो नट. बाकी सगळे नुसतेच पडलेले.

तालमीचा_डबा
नाचणारे घ्या! मी दोन एकांकिकांत हेच केलं. मोजून पावलं टाकतात, शरीर ताब्यात असतं, दुखापत होत नाही. ऑडिशनला संवाद देऊच नका, आठ मात्रा द्या.

चिकित्सक_काकू
नाचणारे पडतात सुरेख. तीच तर अडचण. सुरेख पडलेल्या माणसाला टाळी मिळते, हशा नाही.

तालमीचा_डबा
काकू, तुम्ही माझ्या एकांकिका पाहिलेल्या नाहीत.

चिकित्सक_काकू
पाहिल्या नाहीत, पण टाळ्या पडल्या असणार.

जुना_प्रॉम्प्टर
ताई, त्या मुलाला इतक्यात बाद करू नका. पहिल्यांदा तो नेमका कसा पडला ते सांगा. हातात काय होतं, कुठे निघाला होता.

घाईत_दिग्दर्शिका
खुर्चीत बसायला गेला. खुर्ची वाटली त्यापेक्षा वीतभर मागे होती. हातात संहितेची सुटी पानं. पडताना त्यानं पानं डोक्यावर उंच धरली. स्वतः सपशेल खाली, हात सरळ वर, आणि एक पान हललं नाही. वर पुढची ओळ वाचायला लागला.

जुना_प्रॉम्प्टर
मग झालं की! तो पडत नव्हता, पानं वाचवत होता. हसलात ते त्याला. आणि दुसऱ्या खेपेला त्याच्या हातातली पानं तुम्ही काढून घेतलीत. घेतलीत ना?

घाईत_दिग्दर्शिका
हो. टेबलावर ठेव म्हटलं. मध्ये मध्ये येत होती.

जुना_प्रॉम्प्टर
म्हणजे त्याचं काम काढून घेतलंत आणि नुसतं "पड" म्हणालात. आता पडण्याखेरीज तो करणार काय? "पडून दाखवा" हे सांगणंच चुकीचं. माणसाला काहीतरी नेटानं करायला द्या. काठोकाठ भरलेला पेला पलीकडच्या टेबलावर पोचवायचाय, असं. मग वाटेत एक स्टूल ठेवा. पेला वाचवायला जो जिवाचं रान करेल तो घ्या. जो स्टुलाकडे आशेनं बघेल त्याला चहा पाजून घरी पाठवा.

विंगेतून
हे मान्य. तरी त्याला तेच पाच वेळा करायला लावा. आणि दर वेळी एक बदल सांगा: डावीकडून ये, दोन पावलं उशिरा ये. सूचना घेऊनही पेल्याची काळजी तेवढीच राहिली तर तुम्ही म्हणता तो नट.

अवांतर_आनंद
थोडं अवांतर. अशा पडापडीच्या विनोदाला इंग्रजीत स्लॅपस्टिक म्हणतात, त्या शब्दाचं मूळ इटलीतल्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकातल्या एका काठीत आहे. तिच्यात दोन पातळ फळ्या एका टोकाला जोडलेल्या असत. मारल्या की एकमेकींवर आपटून फाडकन आवाज होई, लागत मात्र फारसं नसे. आवाज मोठा, मार लहान, यावरच सगळा धंदा. चार्ली चॅप्लिन आणि लॉरेल-हार्डी जोडीतला स्टॅन लॉरेल, दोघंही इंग्लंडमधल्या फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटकमंडळीत तयार झाले. 1910 साली एकाच दौऱ्यावर अमेरिकेला गेले तेव्हा लॉरेल हा चॅप्लिनचा बदली नट होता. म्हणजे बदली नटही निवडून ठेवा, हा माझा मुद्दा.

रंगपेटी
प्रकाशयोजना कशी करताय? विनोदी नाटकाला भरपूर उजेड लागतो. अंधारात पडलेला माणूस दिसला नाही तर हसणार कोण.

घाईत_दिग्दर्शिका
प्रकाशाचं विचारलेलं नाही. थपडेचं सांगा कुणीतरी. पहिल्या अंकात चार थपडा आहेत. ऑडिशनला एकेकाला हवेत मारायला सांगितलं, अगदीच फुसकं वाटलं.

चिकित्सक_काकू
थांबा. एकेकाला? एकवीसही जण एकेकटे पाहिलेत?

घाईत_दिग्दर्शिका
हो. वेळ कमी होता.

चिकित्सक_काकू
अहो, थप्पड मारणाऱ्याची नसतेच, खाणाऱ्याची असते! मारणारा हात तोंडासमोरून नुसता फिरवतो, टेकवत नाही. आवाज बहुतेक वेळा खाणाराच काढतो, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी छातीशी टाळी वाजवून. मान त्यानं वळवायची, कळवळायचंही त्यानंच. केस ओढण्याचंही तेच: ओढणाऱ्याची मूठ धरून ठेवतो ज्याचे केस आहेत तो, आणि हलतोही तोच. जोड्या लावून बोलवा सगळ्यांना. आधी डोळ्याला डोळा, मग हात. आणि आधी अगदी सावकाश. सावकाश करताना जो कंटाळतो तो प्रयोगात खरी मारतो, हे माझ्या कानाला ठाऊक आहे.

तालमीचा_डबा
सावकाश म्हणजेच मोजून. म्हणजेच नाचणारे.

विंगेतून
एक राहिलं. पडले ते कशावर?

घाईत_दिग्दर्शिका
फरशीवर. का?

विंगेतून
कमाल आहे! एकवीस हौशी माणसं, फरशी, आणि कुणाला गुडघ्याचं, पाठीचं, मनगटाचं जुनं दुखणं आहे का हे विचारलेलंही नाही? गादी अंथरा. पडायचं कसं ते आधी शिकवा: गुडघे वाकवून खाली या, हनुवटी छातीला, मांडी-कुल्ह्याच्या मांसल भागावरून कलंडा. हात मागे टेकायचा नाही, मनगट जातं.

तालमीचा_डबा
इतकं जपून विनोद होत नाही. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन, त्याला लहानपणी आईबाप रंगमंचावर अक्षरशः फेकायचे. कपड्यांना बॅगेची मूठ शिवलेली होती, धरायला सोपं जावं म्हणून.

विंगेतून
त्याच कीटनची मान 1924 मध्ये चित्रीकरणात मोडली आणि ते कळलं कित्येक वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर. ताईंचे नट सोमवारी कामाला जातात.

घाईत_दिग्दर्शिका
आज पुन्हा बोलावलं. बारा जण आले, जोड्या लावल्या, गाद्या टाकल्या. तीन जणांनी जुनी दुखणी सांगितली, त्यातला एक शनिवारी फरशीवर सात वेळा पडला होता. आता स्वतःचीच लाज वाटतेय. पानंवाल्या मुलाला पेला दिला. पाच वेळा पडला, पाचही वेळा हसलो, चौथ्यांदा थोडं कमी. पण खरी गंमत एका बाईंची. शनिवारी वाचन सपाट म्हणून नावापुढे फुली मारली होती. त्याच्यासमोर उभं केलं तर काहीच करेनात. तो पेला घेऊन आडवा झाला की त्या नुसत्या पेल्याकडे बघतात, मग त्याच्याकडे, मग परत पेल्याकडे. आणि पेला काढून घेऊन पाणी पिऊन टाकतात. सांगितलं नव्हतं मी. दोघंही घेतले.

जुना_प्रॉम्प्टर
पाणी पिण्याचं संहितेत घाला. आणि ते त्यांना सुचलंय हे त्यांना सारखं सांगू नका, नाहीतर पुढच्या वेळी पिण्याआधी प्रेक्षकांकडे बघतील.

रंगपेटी
पाणी सांडलं तर लगेच पुसायला कुणीतरी ठेवा. आणि पायदिवे असतील तर वायरी लांब.

घाईत_दिग्दर्शिका
मनापासून आभार सगळ्यांचे. रंगपेटी, तुमचेसुद्धा. आता चारच जण ठरायचे राहिले. त्यातला एक दुसऱ्या अंकात शिडीवर असतो, तेवढा धडधाकट बघते.

विंगेतून
कसली शिडी?