काजूबियांची संस्था: भाग सगळ्यांनी भरले, माल मात्र व्यापाऱ्याच्या टेम्पोत

सत्तरीकर
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या आमच्या गावात काजूबिया एकत्र करून विकायला सहकारी संस्था उभी केली आहे. सभासद ४२, प्रत्येकी १,००० रुपयांचा भाग (शेअर). भाग भरताना कुणी मागे राहिलं नाही. हंगाम लागला आणि निम्म्याहून जास्त माल दारात येणाऱ्या व्यापाऱ्याने उचलला. अंदाज १० टनांचा होता. आमसभेला दहाबारा डोकी. संचालकांपैकी काहींना वाटतं की सहकाराचं महत्त्व पटवायला शिबिर घ्यावं. मला त्यात दम दिसत नाही. माणूस नावापुरता न राहता खरोखर सामील होतो तो कशामुळे?

दरफरक
शिबिराचे पैसे वाचवा. व्यापारी किलोमागे कमी देतो हे तुमच्या सभासदाला चांगलं ठाऊक आहे. तरी तो त्यालाच घालतो, कारण तिथे पैसे लगेच हातावर पडतात आणि जानेवारीत अडीनडीला उचलही मिळालेली असते. उचल घेतलेला माल आधीच विकला गेलेला असतो, तो भाषणाने परत येत नाही.

तुमचाच हिशेब करा. समजा दर १२० रुपये (आकडा उदाहरणापुरता). माल घेतानाच ८० टक्के द्यायचे म्हटलं तर किलोला ९६ रुपये लागतात. तुमचं सगळं भागभांडवल ४२,०००. म्हणजे साधारण ४४० किलो घेतले की पेटी रिकामी, आणि पुढच्या माणसाला ‘आठ दिवसांनी या’. तो आठ दिवसांनी येत नाही. १० टन माल पंधरवड्याला एक याप्रमाणे पाच खेपांत विकायचा, तर एका खेपेला २ टन, म्हणजे १,९२,००० रुपये. खरेदीदार आठवडाभर पैसे लांबवणार आणि एप्रिलमध्ये माल एकदम येणार, हे धरून ४ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (बँकेकडून लागेल तसं उचलायचं आणि फेडायचं कर्ज) हवी. ती फेब्रुवारीच्या आत मंजूर पाहिजे. मार्चमध्ये अर्ज केलात तर पैसे पावसात मिळतील.

दुसरं, वाटप. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी १८४४ मध्ये दुकान काढलं. त्यांचा नफा भागावर नव्हे, तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत जायचा. हीच मेख आहे. समजा खर्च आणि निधी काढून ६०,००० उरले. भागावर वाटलेत तर प्रत्येकाला १,४२८ रुपये, ४०० किलो आणणाऱ्यालाही आणि एक बी न आणणाऱ्यालाही. किलोवर वाटलेत तर किलोला ६ रुपये: ४०० किलोवाल्याला २,४००, रिकाम्या हाताला शून्य. पहिल्या पद्धतीत घरी बसणंच शहाणपणाचं ठरतं!

मात्र काजूत एक अडचण आहे. हंगाम ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पडतो. एप्रिल-मेच्या मालाचा नफा पुढच्या वर्षाच्या हिशेबात जातो. मग ऑडिट, मग आमसभा, म्हणजे वर्षाहून जास्त थांबणं आलं. म्हणून नफा म्हणून न देता, साखर कारखाने उसाचा दुसरा हप्ता देतात तसा मालाच्या किमतीचा दरफरक म्हणून द्या. पोटनियमांत तशी तरतूद करून घ्या आणि तारीख चवथीआधीची (गणेशचतुर्थीच्या आधीची) धरा. त्या दिवसांत घरात पैसा लागतो, आणि कुणाला किती मिळाला हे गावभर कळतं.

लॅक्टोमीटर
वरच्या हिशेबात वजनकाटा राहिला. दूध संस्थांत माणूस तुटतो तो बहुतेक वेळा दरावरून नाही, फॅटवरून. कॅनमधलं दूध न ढवळता तळातून नमुना घेतला की फॅट कमी लागतं, कारण साय वर असते. शेजाऱ्याला ४.२ आणि मला ३.४ का, याला उत्तर मिळालं नाही की तो दुसरं गिऱ्हाईक शोधतो. आकडा बरोबर असला तरी तो त्याच्या डोळ्यांदेखत निघाला पाहिजे.

काजूत तोच तिढा ओलाव्याचा आहे. बी दोनतीन दिवस कडक उन्हात वाळली की वजन घटतं. ओल्या-सुक्याला एकच दर ठेवलात तर सुकी आणणारा मूर्ख ठरतो, पुढच्या वेळी तोही ओलीच आणतो, आणि गोणीत बुरशी धरली की खरेदीदार सगळ्या ढिगाचा दर पाडतो. दोन दर ठेवा आणि दारावर लिहा. बी आणणाऱ्यासमोरच मूठभर पाण्यात टाका: भरलेली बहुधा बुडते, पोकळ तरंगते. काट्याचा आकडा सभासदाच्या बाजूने दिसला पाहिजे, वैधमापन खात्याचा शिक्का चालू वर्षाचा हवा, आणि छापील पावतीशिवाय गोणी आत घेऊ नका. अध्यक्षाच्या भावाचीसुद्धा.

मानशीवरचा
दर आणि पावती हे निम्मं उत्तर झालं. खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांत पाहा, तिथे लोक नफ्यासाठी एकत्र येत नाहीत, नुकसान टाळायला येतात. खेकड्यांच्या बिळांनी बांध पोखरला आणि भरतीचं खारं पाणी आत शिरलं, की कुणाचं शेत कुठलं हे पाणी विचारत नाही. मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची पिकं जातात. म्हणून बांधावर माणूस यायचा.

आता तिथेही उलटी गणितं दिसतात. मानशीवरच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दारावरच्या) मासळीचा लिलाव होतो, तो पैसा कुळांच्या संघटनेकडे येतो. ज्याने शेत पडीक टाकलंय त्याला बांधाशी देणंघेणं उरत नाही, आणि लिलाव घेणाऱ्याला पाणी आत राहिलेलं बरं, कारण मासळी वाढते. कोरगुट (खाऱ्या जमिनीत येणारं भात) पिकवणारे चार जण एकटे पडतात. सामाईक साधनांवरच्या अभ्यासासाठी २००९ चं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हेच दाखवलं: नियम वापरणाऱ्यांनी ठरवावेत, देखरेख त्यांचीच असावी, आणि दंड लहानापासून चढता असावा. पहिल्यांदा बाहेर विकणाऱ्याला संस्थेतून काढून टाकलंत तर तो कायमचा गेला. त्या हंगामाचा दरफरक निम्मा करा, पुरे.

पंचसूत्री
सभेला कोण येत नाही ते पाहिलंत का? बिया वेचतात, वाळवतात बायका. सभासद म्हणून नाव घरमालकाचं. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा समाईकच असते, मग सभासदत्व एकट्याला का? दोघांना करा आणि पैसे ती सांगेल त्या खात्यात टाका. सभा सकाळी ठेवलीत तर बाई काजूखाली असणार. ठरलेला वार, संध्याकाळी, पाऊण तास, आणि सुरुवात मागच्या खेपेच्या जमाखर्चाच्या वाचनाने. बचतगट यावरच टिकतात.

सत्तरीकर
मंडळी, यादी तपासली. ४२ पैकी ११ जणांनी बागच फेणीच्या भट्टीवाल्याला हंगामापुरती दिलेली आहे. बोंडू (काजूची फळं) त्याचे, बियाही त्याच्याच.

दरफरक
मग ते ११ जण माल आणणार कुठून? कर्जाचा अर्ज करण्याआधी १० टनांचा अंदाज ३१ बागांवर पुन्हा काढा. कायदा आणि पोटनियम परवानगी देत असतील तर भट्टीवाल्यांना नाममात्र सभासद करून घ्या: मत नाही, पण दर आणि पावती इतरांसारखीच. त्यांना बोंडूत रस असतो, बिया लवकर हलल्या तर हव्याच असतात. ११ मालकांना सांगा की पुढचा करार लिहिताना बियांचा भाव वेगळा लिहायचा.