मदत हवी आहे: तिलापियाच्या बोटुकलीला विषाणूची लस मिळते का?

नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यातल्या मौदा तालुक्यात शेततळ्यात गिफ्ट (सुधारित जातीचा) तिलापिया मासा आहे. नवीन बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली आणि महिन्याच्या आतच मर सुरू झाली. अंग काळपट, डोळे बाहेर आलेले नि धुरकट, पोट फुगलेलं, कातडीवर जखमा. लक्षणं तिलापिया लेक व्हायरसशी जुळतात, पण डोळे स्ट्रेप्टोकोकस जिवाणूनेही असेच होतात, म्हणून आरटी-पीसीआर (विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी) केल्याशिवाय ठाम बोलत नाही.

ऑक्सिजन, अमोनिया, पीएच तपासले, ठीक आहेत. खाद्य कमी केलंय, मेलेले मासे चुना टाकून पुरतो, जाळं दुसऱ्या तळ्यात नेत नाही. दुकानदार अँटिबायोटिक द्या म्हणतात. विषाणू असेल तर त्याचा काही उपयोग नाही, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत देणार नाही.

आजारी माशांना लस टोचून फायदा नाही हे माहीत आहे. मला काळजी पुढच्या बॅचची आहे. चेन्नईच्या सीबा (निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संशोधन संस्था) संस्थेने जिताडा माशाच्या व्हीएनएन या मज्जासंस्थेच्या विषाणू रोगावर लस काढली आहे, पण ती इंजेक्शनची आणि वेगळ्या विषाणूची. माझी बोटुकली जेमतेम पाच-सहा ग्रॅमची, एकेक टोचणं मजुरीतही परवडणार नाही.

कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा: तिलापिया लेक व्हायरसची परवानाधारक लस भारतात विकत मिळते का? मिळत असेल तर बुडवून किंवा खाद्यातून देता येते का, आणि सोडण्याआधी किती दिवस? शिवाय तपासणी नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात होते, की यकृत-मेंदूचे नमुने मुंबईला सीआयएफईकडे (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) पाठवावे लागतात, आणि ते बर्फात पाठवायचे की अल्कोहोलमध्ये?