मदत हवी आहे: बाही जमते, कॉलर अडते

नमस्कार मंडळी. सोलापुरात घरीच शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम घेते. धाकटी जाऊ नव्याने शिकतेय. खडूच्या खुणेवर टीप सरळ पडते, बाही-खिसा व्यवस्थित. पण कापड जरा सरकलं की मशीन थांबवून माझ्याकडे बघते. कॉलरचं टोक उलटवलं की जाडच राहतं, आतलं मार्जिन (टिपेबाहेरचं जास्तीचं कापड) किती कापायचं याचा अंदाज येत नाही.

ह्युबर्ट आणि स्टुअर्ट ड्रेफस या अमेरिकन प्राध्यापक भावांनी १९८० मध्ये कौशल्याच्या पायऱ्या मांडल्या होत्या: नवखा नियम धरून चालतो, अंदाज सरावाने येतो. पटतं, पण मधली पायरी चढवायची कशी? मी सांगत गेले तर ती विचारतच राहणार (स्वभावही भित्राच). चिंध्यांवर एकटीला सोडू का? शिकवणाऱ्यांनी सांगा, सीझन तोंडावर आलाय.