नाशिकच्या औद्योगिक 'घडामोडी': घडतंय काय नक्की?

टूलरूमवाला_अंबड

काल इथे विकासमित्र यांनी 'नाशिकच्या उद्योगविश्वाचा भरगच्च महिना' म्हणून यादी टाकली. गुंतवणूक परिषद, निर्यात कार्यशाळा, बायर-सेलर मीट, 'कुंभमेळा आणि स्थानिक उद्योग' यावर परिसंवाद, दोन सत्कार. शेवटी वाक्य: 'नाशिक आता झेप घ्यायला सज्ज आहे.' अहो, मी सातपूरला ट्रेनी म्हणून चिकटलो तेव्हापासून नाशिक सज्जच आहे. झेपेचा मुहूर्त तेवढा निघत नाही.

प्रतिसादात दोन ओळी लिहून सोडून देणार होतो, पण रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून हा वेगळा धागा.

यादीत उद्घाटक आहेत, प्रमुख पाहुणे आहेत, भोजनाची वेळही आहे. याच मंडळींनी याच हॉलमध्ये मागे जे ठरवलं त्याचं पुढे काय झालं, यावर अवाक्षर नाही. मेट्रो निओ 2021 च्या केंद्रीय बजेटात आली, 2,092 कोटी. तिच्यावर भाषणं झाली, स्लाइड झाल्या, खांब एकही नाही. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेचं तेच. आधी सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा मार्ग, मग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची अडचण, मग शिर्डीमार्गे वळवा. दर वळणावर एक परिषद.

आणि प्रश्नोत्तरं! मागे एका परिषदेत निवेदिका म्हणाल्या, 'वेळेअभावी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत.' आम्ही बापडे लिहीत बसलो. माझ्या शेजारच्या फाउंड्रीवाल्याने चिठ्ठी पुरली नाही म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं. चिठ्ठ्या फाइलमध्ये गेल्या, आणि लगेच 'आपण सर्वांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा'. माझा प्रश्न अंबडमधल्या रस्त्याचा आणि दिव्यांचा होता. एमआयडीसी म्हणते महापालिकेला विचारा, महापालिका म्हणते एमआयडीसीला विचारा. कर मात्र आम्ही दोघांनाही विचारून भरत नाही, मुकाट भरतो.

सांगा, या कार्यक्रमांचा उपयोग कोणाला?

विकासमित्र

टीका करणं सोपं असतं. ही यादी मी कोणाच्या पगारावर करत नाही. प्रत्येक संघटनेचे वेगळे ग्रुप, वेगळी पत्रकं, तारखा एकमेकींवर आदळतात, ते सगळं गोळा करून एका जागी टाकतो. नाही टाकलं तर हेच लोक म्हणणार, 'आम्हाला कोणी कळवलंच नाही.'

जिल्हा उद्योगमित्र समितीची बैठक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होते. तिथे विषय आकाशातून पडत नाहीत. निमा, आयमा, चेंबर या उद्योजकांच्या संघटनांच्या व्यासपीठांवर जे बोललं जातं तेच अजेंड्यावर जातं. तुम्ही त्या बैठकीला किती वेळा आलात?

टूलरूमवाला_अंबड

मला फर्स्ट शिफ्ट असते साहेब. तुमच्या बैठका सकाळी अकराला असतात. मशीनवर माझ्याऐवजी उद्घाटक उभे राहणार असतील तर येतो.

मुसळगावची_उद्योजिका

टूलरूमवाले काका, तुमचा राग कळतो, पण 'उपयोग कोणाला' याचं उत्तर मी देते. मला.

सिन्नरला छोटा प्रेस शॉप आहे माझा. कोणाची ओळख नाही, घरात कोणी कारखानदार नाही. अशाच एका बायर-सेलर मीटला स्टीलच्या डब्यात आमचे सहा ब्रॅकेट ठेवून घेऊन गेले होते. बाकीच्यांचे स्टॉल, बॅनर, ब्रोशर, आणि माझा डबा. दोन जणांनी 'घरगुती आहे का?' विचारलं, म्हणजे बहुतेक चकली समजले. मग एका कंपनीचे व्हेंडर डेव्हलपमेंटचे गृहस्थ आले, खिशातून स्वतःचं व्हर्नियर काढलं आणि तिथेच उभ्या उभ्या चार मापं घेतली. पाचवा ब्रॅकेट बाजूला ठेवून म्हणाले, 'याला बर आहे, कडेला कूस राहिलीय. बाकी ठीक. सोमवारी ड्रॉइंग न्यायला या.' त्या माणसापर्यंत मी एरवी गेटवरूनसुद्धा पोचले नसते. सिक्युरिटीच 'मेल करा' सांगून परत पाठवते.

17 ऑक्टोबर 2025 ला ओझरच्या लाइनवरचं पहिलं तेजस एमके-1ए लढाऊ विमान उडालं. त्याच्या बातम्या सगळ्यांनी फॉरवर्ड केल्या. त्या साखळीत शिरायचं कसं, विमान उद्योगाचं एएस9100 प्रमाणपत्र लागतं म्हणजे नेमकं काय लागतं, हे मला एका कंटाळवाण्या कार्यशाळेतच कळलं. जेवण वाईट होतं, माहिती चांगली होती.

निफाडचा_बागायतदार

सगळं वाचलं. नाशिकची अर्थव्यवस्था म्हणजे अंबड, सातपूर आणि फार तर सिन्नर, असं या धाग्यावर ठरलेलं दिसतंय. लासलगाव कोणत्या जिल्ह्यात येतं हो? ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क, 8 डिसेंबरला थेट बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठवली तीही 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान दर लावून. शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. या काळात एका तरी 'आर्थिक विकास' परिषदेत कांद्याचं सत्र ठेवलंत का? तुमच्या यादीत निर्यात कार्यशाळा आहे. शिकवणार काय, बंदीच्या काळात निर्यात कशी करावी?

मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या मालकीच्या कंपनीने द्राक्षं युरोपात पाठवली. तो उद्योग नाही? की शेडवर पत्रा आणि आत लेथ असेल तरच उद्योग?

विकासमित्र

कृषी विषय वेगळा आहे, त्याचे कार्यक्रम वेगळे असतात.

निफाडचा_बागायतदार

हेच. 'वेगळा आहे.' फळं तुमच्या बुफेत, शेतकरी वेगळा.

माजी_कंत्राटी

चिठ्ठ्यांचं सांगते. मी अशा एका प्रकल्प कक्षात कंत्राटावर काम केलंय, कुठे ते विचारू नका. त्या चिठ्ठ्या फेकत नाहीत. मी त्या टाइप करायचे. 'प्रश्न, संबंधित विभाग, अभिप्राय' असा तक्ता करून अहवालाला जोडायचे आणि अहवाल वर जायचा. संबंधित विभागाकडे स्वतंत्र पत्र काढायचं असेल तर सहीसाठी वेगळी टिप्पणी लागते, आणि ती मांडायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःहून दोनदा मांडली. दुसऱ्यांदा 'आपलं काम कार्यक्रम पार पाडणं आहे' असं ऐकलं. फोटो मात्र त्याच संध्याकाळी पाठवावे लागायचे, जिओटॅगसकट.

पाठपुराव्याला बजेटमध्ये हेडच नसतो. हॉल, मंडप, भोजन, स्मृतिचिन्ह, छपाई या सगळ्यांना असतो. पुढचे सहा महिने कोणीतरी रोज एक फोन करेल, त्याच्या पगाराला नसतो. विकासमित्रांच्या यादीत जे दिसतं ते म्हणूनच तसं दिसतं. त्यांचा दोष नाही.

विकासमित्र

'त्यांचा दोष नाही' हे लिहिल्याबद्दल आभारी आहे. धाग्यावरचं पहिलं चांगलं वाक्य.

टूलरूमवाला_अंबड

म्हणजे माझी चिठ्ठी टाइप झाली होती. धन्य झालो.

मुसळगावच्या ताई, तुमचं अभिनंदन, मनापासून. आता एकच सांगा. त्या ऑर्डरचे पैसे कधी आले?

मुसळगावची_उद्योजिका

काका, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. दिवाळीआधी माल दिला, पैसे गुढीपाडव्यानंतर. मधल्या काळात जीएसटी मी खिशातून भरला. 20 तारीख कोणासाठी थांबत नाही.

टूलरूमवाला_अंबड

मला हेच म्हणायचं होतं! झेप, व्हिजन, इकोसिस्टीम सगळं बाजूला ठेवा. 45 दिवसांत पैसे, एवढ्या एका विषयावर या शहरात सभा घ्या, मी शिफ्ट बुडवून येतो. घेणार नाहीत. कारण पहिल्या रांगेत नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या खुर्च्यांवर पैसे थकवणारेच बसलेले असतात आणि बॅनरही त्यांनीच दिलेला असतो.

खरेदी_विभाग

मोठ्या कंपनीत परचेसला आहे. एकतर्फी चाललंय म्हणून लिहितो. आमचा ग्राहक आम्हाला 90 दिवसांनी देतो. व्हेंडरच्या मालात रिजेक्शन निघालं की तेवढे पैसे कापायची डेबिट नोट काढायची, ती तो मान्य करत नाही, त्यात महिना जातो. प्रत्येक उशीर म्हणजे लबाडी नसते.

टूलरूमवाला_अंबड

तुमचा ग्राहक 90 दिवसांनी देतो, तर तुम्ही बँकेत जा, तुम्हाला स्वस्त कर्ज मिळतं. माझ्या सीसी लिमिटवर, म्हणजे माझ्या बँकेच्या उधारीवर, तुमचा धंदा कशाला? आणि रिजेक्शनचं सांगू नका. माल गेटवर उतरतो, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची तुमची नोंद, निघत नाही. विचारलं की 'सिस्टीम डाऊन'. जीआरएन नाही म्हणजे तुमच्या मते दिवस मोजायला सुरुवातच नाही.

खरेदी_विभाग

भाषा सांभाळा. मी तुमच्या कंपनीचा नाही.

टूलरूमवाला_अंबड

भाषा सांभाळूनच लिहिलंय. न सांभाळलेली सांगू का?

सीए_कॉलेजरोड

दोघंही थांबा. जीआरएनचा मुद्दा कायद्याने टिकत नाही. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. जीआरएन कधी निघतो याच्याशी संबंध नाही. मात्र पोच हवी. चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका. माझे निम्मे अशील इथेच अडकतात.

2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेने तुमच्या बाजूने निवाडा दिला तर खरेदीदाराला 75 टक्के रक्कम भरल्याशिवाय आव्हान देता येत नाही. आणि 1 एप्रिल 2024 पासून आयकर कायद्याचं कलम 43बी(एच) आलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. याच्याइतका दात असलेला नियम या विषयात दुसरा नाही.

टूलरूमवाला_अंबड

दात आहेत हो, चावायला सांगणार कोण? सुविधा परिषदेत तक्रार टाकली की पुढची ऑर्डर बंद. व्याज घेऊन काय करू, फ्रेम करून लावू? आणि 43बी(एच) आल्यावर मला काय फोन आला माहितीय? 'तुमची लघुउद्योगाची उद्यम नोंदणी रद्द करता का? नाहीतर आम्हाला दुसरा व्हेंडर बघावा लागेल.' अगदी गोड आवाजात.

मुसळगावची_उद्योजिका

मलाही आला होता. मी केलं नाही रद्द. ऑर्डर कमी झाल्या, बंद नाही झाल्या. पण एकदा व्हर्नियर लावलेला माणूस आत होता म्हणून वाचले, हे मान्य करते.

खरेदी_विभाग

उद्यम रद्द करायला सांगणं चूक आहे, हे मी आमच्या मीटिंगमध्येही बोललोय. झालं समाधान?

टूलरूमवाला_अंबड

अर्धं.

निफाडचा_बागायतदार

45 दिवसांसाठी रडताय. आमच्याकडे लिलाव झाला की त्याच दिवशी पैसे द्यायचे असा बाजार समितीचा नियम आहे, तरी व्यापारी पळून गेल्याच्या बातम्या येतातच. नियमाचं कौतुक आम्हाला सांगू नका.

माजी_कंत्राटी

बागायतदारांचं बरोबर आहे, आणि ते इथेही पुन्हा 'वेगळा विषय' म्हणून बाजूला पडणार आहेत.

विकासमित्र, एक सुचवू? पुढच्या यादीत प्रत्येक कार्यक्रमाखाली एक ओळ वाढवा: 'याच आयोजकांच्या मागच्या कार्यक्रमातले मुद्दे आणि आजची स्थिती'. आयोजकांनी माहिती दिली नाही तर 'माहिती मिळाली नाही' असं छापा. तेवढंच.

विकासमित्र

असं छापलं तर मला पुढचं निमंत्रण येणार नाही, हे तुम्हालाही माहिती आहे. तरी उद्योगमित्रच्या मागच्या इतिवृत्तातून सुरुवात करून बघतो. टूलरूमवाल्यांचा रस्ता त्यात असेल तर तोही टाकतो. त्यांच्यासाठी नाही, त्या रस्त्याने मलाही जावं लागतं म्हणून. आणि कांदा टाकतो, बास?

निफाडचा_बागायतदार

उपकार झाले.

सीए_कॉलेजरोड

मूळ विषय सोडून पैशांवरच प्रश्न येताहेत. इनबॉक्समध्ये चौघांनी तेच विचारलं, म्हणून इथेच लिहितो. सुविधा परिषदेत जायची भीती वाटत असेल तर ट्रेड्स बघा, म्हणजे बिलांवर आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे. तुमचं बिल तिथे चढतं, बँका बोली लावतात, तुम्हाला पैसे आधी मिळतात, आणि मुदतीला बँक कंपनीकडून वसूल करते. कंपनीने नाही दिले तरी बँक तुमच्या मागे लागत नाही.

टूलरूमवाला_अंबड

नोंदणी आहे हो आमच्या पार्टीची. मी बिल चढवलंसुद्धा. पण बँकांनी बोली लावायच्या आधी कंपनीने ते बिल तिथे मान्य करावं लागतं, हे तुम्ही लिहायचं विसरलात.

सीए_कॉलेजरोड

विसरलो नव्हतो. त्याच्यावर येणार होतो.

टूलरूमवाला_अंबड

या लवकर. माझं अजून 'प्रलंबित' दाखवतंय.