दहा मीटरच्या कागदासाठी स्कोप: फिक्स ४× की ३-९ झूम?

मिलीमीटर
स्प्रिंगची ब्रेक-बॅरल एअर रायफल, पॉइंट १७७ इंच म्हणजे साडेचार मिमीचा छर्रा, घरामागे १० मीटर, शेतावर गेलं तर २५. बजेट दहा हजारांच्या आत. अशा माणसाने ३-९×४०च्या (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा झूम, पुढची काच ४० मिमीची) नादी न लागता सरळ फिक्स ४×३२ (कायम चौपट, काच ३२ मिमीची) घ्यावा, असं माझं ठाम मत. अट एकच: पुढच्या काचेभोवती अंतर जुळवायची रिंग, म्हणजे ए.ओ., हवी आणि ती १० मीटरपर्यंत खाली यायला हवी.

स्वस्त झूममध्ये आतल्या काचा पुढेमागे सरकतात. त्या नीट बसलेल्या नसल्या की पॉवर बदलली की नेमही सरकतो. शिवाय या किमतीत क्रॉसहेअर (आतली नेमाची फुली) झूमबरोबर मोठा होत नाही. त्यामुळे नऊवर पाठ केलेला फुलीखालचा ठिपका पाचवर भलतीकडेच छर्रा टाकतो. फिक्सला ही भानगडच नाही.

खडूस
अजिबात पटलं नाही. २५ मीटरवर काळ्या भागात पडलेलं साडेचार मिलिमीटरचं भोक ४×मधून दिसतं का? दर पाच छर्ऱ्यांनी उठून कागदापर्यंत चालत जा मग. आणि ३-९×४० ढिगाने बनतात, म्हणून त्या पैशात काच बरी मिळते. फिक्स म्हणून दुकानदार गळ्यात काय मारतो? बंदुकीबरोबर फुकट येणारा ४×२०, बोटाएवढी नळी, संध्याकाळी पाचनंतर आत अंधार.

झूम सरकतो म्हणता? नऊवर लावा, वर चिकटपट्टी मारा. झाला फिक्स.

मिलीमीटर
४×२० हा स्कोपच नव्हे, तो सोडून द्या. पण नऊवर चिकटपट्टी मारायच्या आधी जरा हिशेब बघा.

बहुतेक साध्या स्कोपचं पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की नेम सरकणं, कारखान्यातच १०० यार्डांवर शून्य होईल असं बसवलेलं असतं. तो १० मीटरवर लावला आणि डोळा मध्यापासून फक्त १ मिमी सरकला, तर ४×ला नेम साधारण साडेतीन मिमी हलतो. ९×ला ८ मिमी. आयएसएसएफच्या (जागतिक नेमबाजी महासंघ) १० मीटर रायफलच्या कागदावर एका रिंगणापासून पुढचं रिंगण अडीच मिमीवर असतं. म्हणजे गाल जरासा वर-खाली टेकला की ९×वाल्याची तीन रिंगणं गेली, आणि तो दोष छर्ऱ्यांना देणार.

खात्री करायची तर बंदूक वाळूच्या पिशवीवर नीट टेकवा, क्रॉसहेअर काळ्याच्या मध्यावर आणा आणि हात काढून घ्या. आता फक्त डोकं हळूहळू वर-खाली करा. बंदूक जागच्या जागी, तरी क्रॉसहेअर काळ्यावरून फिरत असेल तर कितीही पॉवर असून उपयोग नाही.

खडूस
हिशेब अर्धाच सांगितलात. ४×३२ला डोळ्याशी येणारं प्रकाशाचं वर्तुळ ८ मिमीचं, म्हणजे ३२ भागिले ४. त्यात डोळा चार मिमी भरकटला तरी चित्र स्वच्छच दिसतं, कळतच नाही. ९×४०ला वर्तुळ साडेचार मिमीच्याही आत. डोकं हललं की कडेला काळी कोर येते. स्कोप स्वतःच ओरडतो.

मिलीमीटर
कोर येते हे खरं. पण ती दिसेपर्यंत नेम किती गेलेला असतो? काचेच्या कडेपर्यंतचा हिशेब केला तर १० मीटरवर ४×३२चा जास्तीत जास्त १४ मिमी, ९×४०चा जवळजवळ १८. ए.ओ. १० मीटरला लावली की दोन्ही जवळपास शून्यावर येतात. म्हणून म्हणतो, पैसे पॉवरला नाही, त्या रिंगला द्या.

तांबडापांढरा
दोघांचंही चालू द्या, पण पोराला पुढे स्पर्धेत उतरवायचं असेल तर हा सगळाच खर्च पाण्यात. १० मीटर एअर रायफल काय किंवा ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, आडवं, उभं) काय, स्कोप चालतच नाही. आमच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं ते पीप साइटवर. मागच्या बारीक छिद्रातून पुढचं कडं आणि कड्यात काळा गोल बसवायचा, बस्स. श्वास, गाल, ट्रिगर यातच सुधारतं. स्कोपमधून स्वतःच्या हाताची थरथर चौपट मोठी दिसते आणि नवखा माणूस ती थांबायची वाट बघत ट्रिगर ओढायचाच राहतो.

मिलीमीटर
एक अपवाद: रनिंग टार्गेट. सरकत्या लक्ष्याच्या १० मीटर प्रकारात स्कोप चालतो, आणि मर्यादा ४×चीच. १९९२ ते २००४ तो ऑलिंपिकमध्येही होता. बाकी तुमचं मान्य, पण धागा कागदावर हौसेने मारणाऱ्यांचा आहे.

चष्मेबहाद्दूर५२
पीप साइटवाल्यांनो, चाळिशी लागू द्या, मग बोलू. मला पुढचं कडं स्पष्ट दिसलं तर कागद धूसर, कागद दिसला तर कडं गायब. स्कोपमध्ये क्रॉसहेअर आणि कागद एकाच ठिकाणी दिसतात, मागची काच आपल्या डोळ्याला जुळवता येते. माझ्यासाठी वाद इथेच संपतो.

पाना_नंबर_१०
स्प्रिंगच्या बंदुकीवर स्कोप मरतो तो हिसक्याने, हे कोणी बोलायला तयार नाही. बार होताना बंदूक आधी मागे येते आणि पिस्टन पुढे आपटला की पुढे उसळते. काडतुसाच्या रायफलसाठी बनलेला महागडा स्कोपसुद्धा या उलट धक्क्याने आतून सैल होतो. माझ्या एकाचं क्रॉसहेअरच तिरकं झालं, आणि कंपनीने (नाव घेत नाही) 'एअरगनवर वापरला' म्हणून वॉरंटी नाकारली. खोक्यावर स्प्रिंग एअरगनला चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. इथे फिक्सला माझं मत, हलणारे भाग कमी आणि वजनही कमी.

माउंटवर, म्हणजे स्कोप बंदुकीला धरणाऱ्या पकडीवर, कंजुषी नको. ११ मिमीच्या खाचेवर स्कोप दर बाराला केसभर मागे सरकतो. मागे अडवणारी खुंटी असलेला एकसंध माउंट घ्या आणि स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एकच बाजू करकचून नको. झिरो करताना, म्हणजे स्कोपच्या गुंड्या फिरवून नेम आणि छर्रा एका जागी आणताना, 'क्लिक फिरवले तरी काहीच हलत नाही' अशी तक्रार करण्याआधी हे बघा: पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १० मीटरवर पाऊण मिमीसुद्धा नाही. दोन रिंगणं सरकायला सातेक क्लिक लागतात.

रानवारा
परवाना लागतो का? आणि गच्चीवर कबुतरांचा फार त्रास आहे...

पाना_नंबर_१०
पॉइंट १७७ आणि नळीतून निघताना छर्ऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना नाही. कबुतरांसाठी जाळी लावा. पक्ष्यावर बंदूक रोखायची असेल तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आधी वाचा आणि या धाग्यावरून निघा.

खडूस
बरं, रिंगचं मानलं. आता दहा हजारांत १० मीटरपर्यंत उतरणारी ए.ओ. असलेला फिक्स ४× आपल्याकडच्या दुकानात दाखवा. विचारलं की समोर येतो तो ३-९च, ए.ओ.सकट.

मिलीमीटर
खरंय, मागवावाच लागतो. थांबायचं नसेल तर तोच ३-९ ए.ओ. घ्या, पण चिकटपट्टी चारवर मारा.

खडूस
नऊवर.