सुपरवायझरला भांडणं हाताळायला शिकवून उपयोग होतो का?

फ्लोअरवरून
चाकणच्या आमच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सची जुंपते. मध्ये उभा असतो सुपरवायझर. चांगला ऑपरेटर म्हणून त्याला बढती मिळालेली, माणसं सांभाळायला कुणी शिकवलेलं नाही. ते शिकवायलाच हवं, पण हॉटेलातल्या एक दिवसाच्या वर्कशॉपमध्ये नको. एखाद्या जाणत्याने त्याच्यासोबत पाळीभर राहावं आणि वाद शमल्यावर बाजूला घेऊन विचारावं: आधी कुणाचं ऐकलंस? दुसऱ्याला बोलू दिलंस का?

दुसरी पाळी
साफ अमान्य. प्रॉडक्शनला नग हवेत, मेंटेनन्सला देखभालीसाठी मशीन बंद हवं. दिलं तर यांचे नग कमी, नाही दिलं तर ब्रेकडाऊन त्यांच्या नावावर. टार्गेटच एकमेकांच्या मुळावर असताना गोड बोलायला कसलं शिकवता? दोष ऑफिसातल्या आकड्यांचा आणि सुधारायचं मात्र कामगाराने! तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० सालीच तरतूद आली: २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती, मालक आणि कामगारांचे समान प्रतिनिधी. ती आधी नीट चालवा.

फ्लोअरवरून
समिती हवीच. पण रात्री दोन वाजता कॉलर धरली जाते तेव्हा समिती तिथे नसते. आणि गोड बोला असं मी म्हणतच नाही. थॉमस आणि किल्मन या अभ्यासकांनी १९७४ मध्ये संघर्षाला सामोरं जाण्याच्या ५ पद्धती मांडल्या: अडून बसणं, टाळणं, नमतं घेणं, तडजोड, सहकार्य. प्रत्येकीची आपापली वेळ असते. प्रेस मशीनचं संरक्षक कव्हर, म्हणजे गार्ड, काढून काम करायला कुणी सांगितलं, तर तिथे अडूनच बसायचं. देखभालीची वेळ ठरवताना तडजोड चालते. हा फरक ओळखणं सरावानेच येतं.

क्वालिटीतली
एक गोष्ट दोघांचीही सुटली. बाईने लैंगिक छळाची तक्रार केली की "दोघांना समोरासमोर बसवा, मिटेल" म्हणणारे सुपरवायझर मी पाहिलेत. तो आपसातला वाद नसतोच. या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच, तोही पैशांच्या देवघेवीवर नाही. शिकवणार असाल तर कुठे मध्ये पडायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवा.

दुसरी पाळी
ताई, हे शंभर टक्के मान्य. गार्डचंही मान्य. पण अडून बसलेल्या सुपरवायझरच्या पाठीशी मॅनेजर उभा राहणार का? मग शिकवणी त्याच्यापासून सुरू करा.