अनुभव धागा: तुम्ही पाहिलेली जगावेगळी वीज

गच्चीवाली: काल वळवाचा पाऊस यायच्या आत कपडे काढायला गच्चीवर गेले, तर समोरच्या टॉवरवर वीज. फांद्या मात्र वरच्या बाजूला फुटलेल्या, निष्पर्ण झाडासारख्या! घरात कोणी विश्वास ठेवेना. उंच टॉवरच्या टोकातून अशी उलटी वीज निघते म्हणे. तुम्ही काय पाहिलंत? ऐकीव नको.

डोंगरकाका: आधी सांगा, विजा चमकताना गच्चीवर कशाला? भिजले असते कपडे.
असो. मे महिना, राजगड. पाऊस नाही, वारा पडलेला. सोबतच्या पोरीचे केस एकेक करून ताठ उभे राहिले. आम्ही खिदळत फोटो काढतोय, तोवर माझ्या काठीच्या लोखंडी टोकातून गांधीलमाशीसारखी भणभण सुरू. काठ्या टाकून खाली पळालो. शंभरेक पावलं उतरलो असू, मागे कडाड्! फोटो अजून आहे. सगळे दात काढून हसतायत.

खलाशी: काका, तीच भणभण मी रात्री पाहिलीय. मलाक्काच्या सामुद्रधुनीत डोलकाठीच्या टोकाला निळी-जांभळी ज्योत, पाचेक मिनिटं. जळत काहीच नव्हतं. 'सेंट एल्मोची आग' हे नावच चुकीचं. अणकुचीदार टोकाशी विद्युतक्षेत्र इतकं वाढतं की तिथली हवाच उजळते. तुमच्याकडे दिवस होता म्हणून नुसता आवाज.
व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराशी, कातातुंबो नदीच्या मुखावर, रात्रभर लखलखाट बघितला. लांबून आवाज शून्य. मुकी वीज!

आजोळचा: चिपळूणजवळ, मी नऊ वर्षांचा. बाहेर कडकडाट झाला आणि खिडकीच्या गजांतून मोसंब्याएवढा नारिंगी गोळा आत. जमिनीपासून हातभर वर, अगदी सावकाश. आजी तांदूळ निवडत होती. मांजराला वाट द्यावी तसं तिनं सूप बाजूला सरकवलं. गोळा माजघराच्या उंबऱ्याशी फट्‌कन विझला. घरभर जळका वास.

शंकेखोर: लखलखाटानंतर डोळ्यांपुढे ठिपका तरंगतो, तो नसेल कशावरून?

आजोळचा: ठिपक्यासाठी सूप सरकवतात होय?

शंकेखोर: हा हा, मान्य. २०१२ मध्ये चीनच्या छिंगहाईत साध्या विजेचं चित्रण करणाऱ्या संशोधकांना असा गोळा अवचित सापडला. त्याच्या वर्णपटात सिलिकॉन, लोह, कॅल्शियम होतं, म्हणजे मातीतलंच. पण गजांतून आत कसा येतो, हे त्यानं सुटत नाही.

बांधावरून: आमच्याकडं एप्रिलात डोक्यावर ऊन, ढग पार क्षितिजाला. तरी बांधावरच्या लिंबावर वीज आली. ढगातून आडवी दहा-पंधरा किलोमीटरही येते, हे नंतर कळलं. झाडाखाली दोन बैल होते. अंगावर डाग नाही, दावी तशीच खुंट्याला. वीज जमिनीतून पसरते. पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जनावराच्या पोटातून जाते, असं डॉक्टर म्हणाले.
आता लांब गुरगुरलं तरी पहिलं काम, लिंबाखालची दावी सोडायची.